बघू म्हणजे नाही

माणूस निवृत्त झाला की त्याचं पद कार्यालयात मागे राहतं, असा एक भाबडा समज आहे. अधीक्षक निवृत्त झाले तेव्हा त्यांचं पद त्यांच्याबरोबर रिक्षात बसून घरी आलं आणि मागच्या खोलीत कायमचं मुक्कामाला राहिलं. त्या खोलीत काच घातलेलं टेबल होतं, कार्यालयाच्या लिलावात घेतलेली फिरती खुर्ची होती, उडून जातील असे कागद नसतानाही पाच पेपरवेट होते आणि टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात टपली मारून वाजवायची पितळी घंटी होती. अधीक्षक ती रोज वाजवत. स्वयंपाकघरातून बायको रोज ती ऐकत असे. उठून मात्र ती कधीही आली नव्हती. घंटी वाजली म्हणजे ह्यांना जाग आली, एवढाच अर्थ तिने स्वतःपुरता ठरवून टाकला होता.

ह्याच घरात सूनबाई कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायचं काम करायची, तेही घरी बसून, आणि बसायला तिला जेवणाचं टेबल होतं. तिच्या कामाला अधीक्षकांच्या लेखी काम म्हणायची सोय नव्हती. ज्या कामावर शिक्का बसत नाही, आवक-जावक नाही, ते काम कसलं. पानं घ्यायची वेळ झाली की सूनबाई लॅपटॉप, वायर, कानातली यंत्रं सगळं उचलून पलंगावर नेई आणि जेवणं झाली की खरकटं पुसून पुन्हा मांडी. एकदा तिच्या साहेबांशी चाललेल्या मीटिंगमध्ये सासूबाईंनी समोर मटार सोलायला घेतले होते, आणि पलीकडच्या साहेबांनी त्यांना मटारचा भाव विचारला होता.

शेवटी एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, मागची खोली मला दिवसभर मिळाली तर फार बरं होईल."

"त्या खोलीत कामं चालतात," अधीक्षक म्हणाले.

"कुठली?"

हा प्रश्न त्या घरात आजवर कुणी विचारला नव्हता. चिरंजीवांनी ताबडतोब मोबाइलमध्ये तोंड घातलं. घरातल्या कुठल्याही तंट्यात त्यांचं योगदान हेच असे.

"आणि तुला खोली कशाला हवी?" अधीक्षकांनी उत्तराऐवजी प्रतिप्रश्न केला. खात्यातली जुनी सवय. "टायपिंगच तर करायचं असतं. आमच्या हाताखाली डझनभर टायपिस्ट होते, एकालाही स्वतंत्र खोली नव्हती. तुझं ते प्रोग्रॅम का काय, मी मनावर घेतलं तर आठवड्यात शिकेन."

"घ्या मग मनावर," सूनबाई शांतपणे म्हणाली. "आपल्या इमारतीचं स्नेहभोजन आहे ना? दर वेळी माणसं मोजताना गोंधळ होतो. लिहा त्याचा प्रोग्रॅम. जेवण नीट पार पडलं तर मी पुन्हा खोलीचं नाव काढणार नाही."

"आणि नाही पडलं तर खोली तुझी," अधीक्षक म्हणाले. हे म्हणायची काही गरज नव्हती. पण समोर बायको होती, मुलगा होता, आणि औदार्याला प्रेक्षक मिळाले की अधीक्षकांना आवरत नसे.

त्याच संध्याकाळी त्यांनी इमारतीच्या अध्यक्षांना कळवून टाकलं की यंदा माणसांची मोजणी संगणकीय पद्धतीने होईल. अध्यक्षांना गुडघेदुखी होती आणि घरोघरी जिने चढून विचारणं त्यांच्या पाचवीला पुजलेलं होतं. पद्धत कुठली का असेना, चढणारे गुडघे आपले नाहीत एवढं कळल्यावर त्यांनी लगेच होकार दिला.

अधीक्षकांनी वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. पहिल्याच धड्याने त्यांची विकेट काढली. त्यांना वाटलं होतं की कॉम्प्युटर म्हणजे सगळी पोरंटोरं हाताळतात तशी बेशिस्त वस्तू असणार. पण इथे तर कुठलीही माहिती आत घ्यायच्या आधी तिचा प्रकार ठरवावा लागत होता. पूर्ण आकड्याचा प्रकार इंट. अपूर्णांकाचा प्रकार डबल. एकच अक्षर मावेल असा कॅरेक्टर. अक्षरांची हवी तेवढी लांब माळ ठेवायची असेल तर स्ट्रिंग. एका प्रकारच्या कप्प्यात दुसऱ्या प्रकारचा माल घातला तर भाषा सरळ नकार देत होती, तोही कारण दाखवून. आपण चुकीच्या खात्यात आयुष्य घालवलं, असं अधीक्षकांना क्षणभर वाटून गेलं.

प्रत्येक प्रकाराविषयी त्यांनी आपलं मत बनवलं. इंट त्यांना आवडला. निर्व्यसनी आणि सरळ चालीचा होता. डबल आवडला नाही. दशांश चिन्हामागे एवढी शेपटी वागवणाऱ्याचा भरवसा काय धरायचा. स्ट्रिंगला त्यांनी मनातल्या मनात 'संकीर्ण' असं नाव दिलं. प्रत्येक कार्यालयात संकीर्ण नावाची एक फाइल असते आणि ज्या कागदाचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही तो तिच्यात जातो.

पण ज्याच्यापुढे ते खरोखर खुर्चीतून उठून उभे राहिले तो प्रकार होता बूलियन. ह्यात फक्त दोन गोष्टी मावतात, हो किंवा नाही. तिसरं काही चालत नाही. आणि तुम्ही काहीच भरलं नाही तर ती भाषा आपणहून 'नाही' धरते. अधीक्षकांनी सगळी नोकरी ह्याच तत्त्वावर केली होती. लोक त्याला दिरंगाई म्हणत.

पुढच्या धड्यात क्लास आणि ऑब्जेक्ट आले. क्लास म्हणजे कोरा छापील नमुना आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्याची भरलेली एकेक प्रत, एवढं त्यांना झटकन समजलं. नमुने तयार करणं हेच त्यांचं आयुष्य होतं. त्यांनी 'घर' नावाचा क्लास केला. त्यात येणार का, हे बूलियन. किती माणसं, हा इंट. मग इमारतीतल्या प्रत्येक घराची एकेक कोरी प्रत तयार करून ते माहिती गोळा करायला जिने चढू लागले.

"आपल्या घराचं भरलंत का?" जाता जाता सूनबाईने विचारलं.

"आपलं काय विचारायचं?" अधीक्षक म्हणाले. "जो जेवण घालतोय त्याला तू येणार का म्हणून विचारायचं?" आणि तिच्याकडून सूचना यायला सुरुवात झाली ह्याचाच त्यांना राग आला.

बूलियनचा शोध ज्याने कुणी लावला तो मध्यमवर्गीय इमारतीत कधी राहिलेला नसावा. अधीक्षक दारात उभे राहून विचारत, "येणार की नाही?" आणि लोक म्हणत, "बघू." कुणी म्हणे, "तसं जमायला हरकत नाही." कुणी, "ह्यांना विचारून सांगते." ह्यांना विचारलं की हे म्हणत, "तिचं काय ठरलंय?" दुसऱ्या मजल्यावरचे विमा एजंट म्हणाले, "साहेब, आयुष्यात नक्की असं काय असतं?" हे ते प्रत्येक दारात म्हणत, पण तेव्हा त्यांच्या हातात कागदपत्रं असत. अधीक्षकांनी प्रत्येकाला बजावलं की स्वच्छ 'हो' आलं नाही तर त्याची नोंद 'नाही' अशी होईल. लोक म्हणाले, "असं कसं, बघू म्हटलंय ना." खुद्द अध्यक्ष म्हणाले, "मी नसेन तर मग कोण असेल?" हा प्रश्न होता, उत्तर नव्हतं. अधीक्षकांनी अध्यक्षांची नोंद 'नाही' अशी केली.

तळमजल्यावर यादी लागली तेव्हा अध्यक्ष गुडघे विसरून धावत वर आले आणि दारातच 'हो, हो, हो' असं तीनदा म्हणाले. पाठोपाठ बघूवाले सगळे आले. जे एरवी नळाला पाणी आलं तरच दिसत ते लोक रांगेत उभे राहून होकार देऊ लागले. अधीक्षकांना सूनबाईने हे दृश्य पाहावं असं फार वाटत होतं. पण ती मीटिंगमध्ये होती.

खरी अडचण मुलांची झाली. केटररच्या हिशेबात लहान मुलाचं अर्धं ताट असतं. अधीक्षकांनी प्रोग्रॅममध्ये तशी सोय केली होती, एका मुलाचं एकाला दोनने भागून अर्धं. पण कप्पा इंटचा, म्हणजे पूर्ण आकड्याचा. त्यात अर्धं राहत नाही. तो तोडून टाकतो आणि तक्रारही करत नाही. यादीत इमारतीतल्या यच्चयावत मुलांसमोर शून्य आलं.

पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना जुळी मुलं होती. त्या दवाखाना मध्येच सोडून आल्या, हातमोज्यांसकट.

"माझी मुलं शून्य?"

"शून्य नाहीत, अर्धी आहेत," अधीक्षकांनी समजावलं. "फक्त तो अर्धं ठेवत नाही."

"मग दोन अर्ध्यांचं मिळून एक तरी होईल की नाही?"

"दोघं वेगवेगळे भागले जातात ना. हा आधी शून्य होतो, मग तो शून्य होतो. मग बेरीज होते."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "साहेब, तुमची एक दाढ मी काढली आहे. बाकीच्या अजून माझ्याकडेच यायच्या आहेत," एवढंच म्हणून त्या गेल्या.

इमारतीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. सल्ला द्यायला माणसाला त्या विषयातलं काही ठाऊक असावं लागतं, हा नियम ह्या इमारतीने कधीच मानला नव्हता. कुणी कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांगितलं. कुणी मुलांना आणूच नका म्हणालं. तळमजल्यावरचे पीटी मास्तर म्हणाले, "साहेब, सगळ्यांना खाली रांगेत उभं करा. मी मोजतो. शिट्टी आहे माझ्याकडे." ही सूचना इतकी सोपी होती की ती कुणी विचारातसुद्धा घेतली नाही.

जेवणाच्या टेबलापाशी सूनबाई कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाली, "डबल घ्या, बाबा. अर्ध्याचा प्रश्नच राहणार नाही."

ती म्हणाली म्हणूनच डबल घेणं आता अशक्य झालं. "साडेतीन माणसं दाखव मला जगात कुठे चालताना," अधीक्षक म्हणाले आणि खोलीत निघून गेले.

त्यांना पटला तो विमा एजंटांचा सल्ला. एजंटांच्या मेव्हण्याचा भाऊ कॉम्प्युटरच्या धंद्यात होता, म्हणजे तो कॉम्प्युटरवर घालायची कव्हरं विकायचा. त्याच्या हवाल्याने एजंट म्हणाले, "स्ट्रिंग करून टाका, साहेब. त्यात काय वाटेल ते मावतं. ज्याला जे लिहायचंय ते लिहू दे." अधीक्षकांना संकीर्ण फाइल आठवली. तिने कधी दगा दिला नव्हता. त्यांनी माणसांचा कप्पा इंटचा स्ट्रिंग करून टाकला आणि ज्याने त्याने आपापला आकडा सांगितला तसा त्यात अक्षर म्हणून लिहिला. डॉक्टरीणबाईंनी जुळ्यांची दोन अख्खी ताटं धरून ४ लिहायला लावले आणि ते लिहून होईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

आता स्ट्रिंगचा एक स्वभाव आहे. दोन पूर्ण आकड्यांमध्ये अधिकचं चिन्ह घातलं तर त्यांची बेरीज होते. दोन स्ट्रिंगांमध्ये घातलं तर त्या एकमेकींना चिकटतात. पुस्तकात हे लिहिलं होतं, पण ज्या पानावर होतं तिथवर पोचायच्या आधीच अधीक्षकांचा आत्मविश्वास पुरेसा झाला होता. पहिलं घर एकत्र कुटुंबाचं, नऊ माणसांचं. त्या ९ ला पुढचा ४ चिकटला, ४ ला २ चिकटला, आणि होकार दिलेली घरं संपेपर्यंत दहा आकड्यांची लांबलचक ओळ तयार झाली. तिच्या वरच्या ओळीत प्रोग्रॅमने इमानाने 'एकूण' असं छापलं.

अधीक्षकांनी ती वाचली असती तर हा प्रसंग इथेच संपला असता. पण आपल्याच कार्यालयातून निघालेला कागद अधीक्षक वाचत नसत. वाचणं हे कनिष्ठांचं काम, वर बसलेल्याने सही करायची. त्यांनी ती ओळ तशीच केटररला पाठवली आणि खाली आपलं नाव, हुद्दा आणि 'निवृत्त' असं लिहिलं.

स्नेहभोजनाच्या दिवशी तळमजल्यावरच्या गाड्या हलवून टेबलं मांडली होती. अधीक्षकांनी दाराशी पीटी मास्तरांना उभं केलं होतं. त्यांच्या हातात कॉम्प्युटरची छापील यादी आणि अधीक्षकांची सूचना होती की यादीत घरासमोर 'हो' नसेल तर सख्ख्या भावालाही आत सोडायचं नाही. मास्तरांनी शिट्टी गळ्यात अडकवली होती.

अधीक्षक इस्त्रीचा सदरा घालून, बायको, चिरंजीव आणि सूनबाई ह्यांच्यासह सर्वांच्या शेवटी खाली आले. आपण आल्यावर टाळ्या वाजतील अशी त्यांची अपेक्षा नव्हती, पण वाजल्या असत्या तर त्यांनी नाही म्हटलं नसतं.

मास्तरांनी यादीवर बोट फिरवलं. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

"साहेब, तुमच्या घरासमोर 'नाही' आहे."

"कसं शक्य आहे?"

"कॉम्प्युटरचं आहे," मास्तर अदबीने म्हणाले.

अधीक्षकांनी यादी हिसकावून घेतली. त्यांच्या घराची प्रत होती, पण ती त्यांनी कधी भरलीच नव्हती, आणि भरलं नाही की बूलियन आपणहून 'नाही' धरतो. ज्या नियमासाठी ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते त्याच नियमाने त्यांना त्यांच्याच दारात अडवलं होतं. मागे सूनबाई होती. ती त्यांच्या खांद्यावरून तीच ओळ वाचत होती.

"अहो मास्तर, बाजूला व्हा," बायको म्हणाली आणि सरळ आत गेली. मास्तरांची शिट्टी तोंडापर्यंत जाऊन परत आली. तिच्यामागून चिरंजीव मोबाइलमध्ये पाहत पाहत गेले, त्यांना आपण अडवले गेलो होतो हेही कळलं नसावं. दारात अधीक्षक आणि सूनबाई उरले.

"चला ना, बाबा."

"नियम म्हणजे नियम," अधीक्षक म्हणाले. आता दुसरं काही म्हणण्यासारखं शिल्लकही नव्हतं.

तेवढ्यात त्यांचं लक्ष आतल्या टेबलाकडे गेलं. अध्यक्षांच्या शेजारी एक अनोळखी बाई, त्यांचे यजमान आणि दोन मोठ्या मुली बसून आनंदात जेवत होत्या. बाई केटररला काहीतरी वाढायला सांगत होत्या आणि केटरर हातातला डाव घेऊन धावत होता.

"ह्या कोण?" अधीक्षकांनी केटररला खुणेने दाराशी बोलावून विचारलं.

"म्हणजे काय साहेब, तुम्हीच नंबर दिलात ना त्यांचा," केटरर म्हणाला. "मी तुम्हाला किती माणसं म्हणून विचारलं, तुम्ही दहा आकडी फोन नंबर पाठवलात. म्हटलं, जबाबदार माणसाशी बोला असं असेल. केला फोन. बाई बोलायला एकदम स्पष्ट. म्हणाल्या, इमारतीचं जेवण आहे तर पन्नास धरा, गोड दोन प्रकारचं करा, आणि एवढ्या अगत्याने विचारताय तर आम्ही चौघं येतो. मग मी मास्तरांना सांगून यादीत खाली त्यांचं नाव हाताने लिहून घेतलं."

पन्नास हा आकडा बरोबर निघाला होता. जेवण कमी पडलं नव्हतं की उरलं नव्हतं. इमारतीतले लोक आपसात म्हणत होते की यंदाची व्यवस्था चोख आहे, आणि त्या बाई कुणाच्या तरी नातेवाईक असतील असं धरून प्रत्येकजण त्यांना आग्रह करत होता. सगळ्या इमारतीत विचारताक्षणी 'हो' म्हणणारं एकच माणूस निघालं आणि ते चुकीच्या नंबरवरचं होतं.

अधीक्षक जिना चढून घरी आले. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावलं, काचेवर हात ठेवून बसले आणि सवयीने घंटी वाजवली. घरात कुणीच नव्हतं.

बऱ्याच वेळाने सूनबाई वर आली. तिने एक भरलेलं ताट जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि हाक मारली. अधीक्षक आले. टेबलावर तिचा लॅपटॉप पसरलेला होता, तो तिने नेहमीसारखा वायरीसकट उचलून छातीशी धरला आणि उभी राहिली.

"जेवण नीट पार पडलं," अधीक्षक पहिला घास घेऊन म्हणाले. "सगळे चोख म्हणत होते. माझ्या कानांनी ऐकलंय."

"पडलं ना. त्या बाईंचं छानच पार पडलं." सूनबाईने वायर गुंडाळायला घेतली. "मग बाबा, मागची खोली तुम्हीच ठेवणार का?"

जेवण पार पडलं ते आपल्या प्रोग्रॅममुळे नव्हे, म्हणजे पैज आपण हरलो, हे त्यांना माहीत होतं. तिला ते माहीत आहे हेही माहीत होतं. पण सुनेपुढे तोंडाने ते म्हणायचं कसं? आणि 'हो, ठेवणार' म्हणायला तर तेवढी छाती उरली नव्हती. मग अडचणीत सापडलेला कुठलाही मध्यमवर्गीय गृहस्थ जे म्हणतो तेच ते म्हणाले.

"बघू."

"बघू म्हणजे नाही," सूनबाई म्हणाली. "तुमचाच नियम आहे." आणि लॅपटॉप, वायर आणि कानातली यंत्रं घेऊन ती मागच्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसले. समोर बायको मटार सोलत होती. पहिलं पान वाचून होतंय तोच ती म्हणाली, "उचला ते. पानं घ्यायचीत." त्यांनी वर्तमानपत्र, चष्मा आणि सोबत आणलेले दोन पेपरवेट उचलले आणि ते कुठे ठेवावेत ह्याचा विचार करत उभे राहिले.

इतक्यात मागच्या खोलीतून घंटी वाजली. टेबल आवरताना सूनबाईचा हात लागला असेल, किंवा नसेलही.

त्या घंटीला त्या घरात आजवर कुणीही उठलेलं नव्हतं. अधीक्षक लगबगीने दारापाशी गेले आणि म्हणाले, "काय हवंय गं?"